जेआर१ चा सहावा आठवडा, रात्री सिनियरला फोन करायचीच भीती बसलीय

मेडिसिन_नवी

नमस्कार सगळ्यांना. मी एमडी मेडिसिनची जेआर१ (पहिल्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट), गव्हर्नमेंट कॉलेज, नाव सांगत नाही. इंटर्नशिपनंतर वर्षभर घरी बसून नीट पीजीचा अभ्यास केला, मग काउन्सेलिंगची वाट बघण्यात अजून काही महिने गेले, म्हणजे जॉइन झाले तेव्हा पेशंटला शेवटचा हात लावून दीड वर्ष झालं होतं. एमसीक्यू सोडवून रँक आली पण वॉर्डात उभं राहिल्यावर कळलं की मला ऑर्डरसुद्धा नीट लिहिता येत नाही.

दिवस असा जातो की पहाटे पाचला ब्लड कलेक्शन, मग रिपोर्ट ट्रेस करायचे, आठला सिनियरचा राउंड, नऊला मोठा राउंड, मग रेफरन्स (दुसऱ्या विभागाचा सल्ला), सोनोग्राफीच्या तारखा, फुले योजनेचे (सरकारी मोफत उपचारांची योजना) कागद, डिस्चार्ज कार्डं, आणि यातलं एक काहीतरी रोज राहतंच आणि राउंडला नेमकं तेच विचारतात.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. मागच्या इमर्जन्सी ड्युटीला रात्री अडीच वाजता सीओपीडीचे (फुप्फुसांचा जुनाट आजार) एक आजोबा, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ८६ दाखवत होतं म्हणून मी ऑक्सिजन वाढवला, ९७ झालं, मला बरं वाटलं. थोड्या वेळाने ते झोपाळल्यासारखे झाले, हाक मारली तर अर्धवट उत्तर द्यायला लागले. मला आतून कळत होतं की काहीतरी बिघडतंय. तरी मी फोन केला नाही, कारण त्याच्या आदल्या इमर्जन्सीला एका साध्या गोष्टीसाठी फोन केला तेव्हा सिनियर म्हणाले होते, "एवढंही येत नाही तर सीट कशाला घेतलीस". जवळजवळ चाळीस मिनिटं मी तिथेच बीपी बघ, शुगर बघ, परत बीपी बघ असं करत राहिले. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, मॅडम सरांना बोलवा. सर आले, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) केला, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) खूप वाढलेला, बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) लावला, आजोबा सकाळपर्यंत जागे झाले आणि आता बरे आहेत. पण सगळ्या नातेवाइकांसमोर जे बोलणं बसलं ते जाऊ दे, माझ्या डोक्यातून ती चाळीस मिनिटं जात नाहीयेत. रूमवर आले तरी झोप लागत नाही, मॉनिटरचा आवाज कानात वाजत राहतो. आईला फोनवर सगळं छान चाललंय म्हणून सांगते. दोनदा सीट सोडायचा विचार आला. प्लीज कुणीतरी सांगा, हे सगळ्यांचं होतं का की मलाच जमत नाहीये.

तिसऱ्या_वर्षाचा_मेडिसिन

मी जेआर३, मेडिसिनच. तुझी पोस्ट दोनदा वाचली. सगळ्यांचं होतं, आणि हे तुला धीर द्यायला म्हणत नाहीये, माझ्या युनिटच्या चार जणांपैकी चौघांनीही पहिल्या तीन महिन्यांत कधी ना कधी सीट सोडायची भाषा केली होती, त्यात मीही होतो.

आधी आजोबांबद्दल बोलू, कारण तुझ्या डोक्यात ते आहे आणि नुसतं "जाऊ दे" म्हटल्याने ते जाणार नाही. जुन्या सीओपीडीवाल्याला सॅच्युरेशन ८८ ते ९२ पुरे असतं, त्याच्या वर नेलं तर काहींचा सीओटू साठतो आणि ते झोपाळतात. म्हणजे ९७ हा आकडा चांगला वाटला तरी त्या पेशंटसाठी चांगला नव्हता. आता हे तू जन्मात विसरणार नाहीस. सीओपीडी आणि गुंगी एकत्र दिसली की एबीजी, आणि ऑक्सिजन मोजूनमापून, एवढं डोक्यात ठेव. ऑक्सिजन एकदम बंद मात्र करायचा नाही, ती दुसऱ्या टोकाची चूक नवीन पोरं करतात.

राहिली ती चाळीस मिनिटं. ऑक्सिजन वाढवणं हे न माहीत असल्यामुळे झालं, जेआर१ ला माहीत नसतं म्हणूनच वर सिनियर ठेवलेला असतो. फोन न करणं मात्र भीतीमुळे झालं, आणि ती भीती एकट्या तुझी नाही, ती आधीच्या फोनवर तुला जे ऐकवलं गेलं त्यातून आलीय. मी सिनियर म्हणून स्पष्ट सांगतो, ज्युनियर मला रात्री फोन करायला घाबरत असेल तर माझ्या वॉर्डातले पेशंट धोक्यात आहेत, आणि ती जबाबदारी माझी आहे.

पण समोरचा बदलेपर्यंत तुला रोज ड्युटी करायची आहे म्हणून फोन कसा करायचा ते सांगतो, मला हे माझ्या लेक्चरर मॅडमनी शिकवलं होतं. पहिल्याच वाक्यात काय हवंय ते सांगायचं. "सर, बेड १४ ला तुम्ही यायला लागेल." मग पेशंट कोण, आत्ता काय झालं, व्हायटल्स काय, मी काय केलं, मला काय वाटतंय. बस. आपण काय करतो, घाबरून पेशंटची हिस्टरी तीन वर्षांपूर्वीच्या टीबीपासून सांगायला लागतो, झोपेतून उठलेल्या माणसाला दोन मिनिटं कळतच नाही की प्रॉब्लेम काय आहे आणि तो चिडतो. फोन लावायच्या आधी केसपेपर हातात, बीपी पल्स सॅच्युरेशन शुगर कागदावर लिहिलेलं, आणि पेशंटच्या बेडपाशीच उभं राहून बोलायचं, म्हणजे त्यांनी काही विचारलं तर लगेच बघून सांगता येतं.

आणि काही गोष्टींत विचार करत बसायचंच नाही, थेट फोन. शुद्ध कमी होतेय, बीपी पडतंय, श्वासाचा वेग वाढतोय, लघवी बंद झालीय, फिट आली, ईसीजी मागच्यापेक्षा वेगळा दिसतोय, किंवा सिस्टर म्हणतायत की पेशंट बरा दिसत नाही. शेवटचं मुद्दाम लिहिलंय. आणि विषबाधेचा पेशंट, फवारणीचं औषध पिऊन आलेला, अॅट्रोपिन (त्या विषावरचं औषध) चालू असेल तर त्याला दर थोड्या वेळाने स्वतः जाऊन बघ, छातीत खरखर परत आली का, घाम सुटलाय का, पल्स कमी होतोय का. असे पेशंट सकाळी बोलत असतात आणि दुसऱ्या तिसऱ्या दिवशी मान उचलता येत नाही, श्वास थकतो. म्हणून "डोकं उशीवरून वर घ्या" हे प्रत्येक वेळी करून बघायचं. डीकेएमध्ये (डायबेटिसमध्ये रक्तात आम्ल साठतं तेव्हा) पोटॅशियम बघितल्याशिवाय इन्सुलिनचं इन्फ्युजन चालू करायचं नाही. या दोन गोष्टी आपल्याकडच्या वॉर्डात रोज लागतात.

कामं राहून जातात त्यावर उपाय म्हणजे खिशातली छोटी डायरी, मोबाईलमध्ये नाही, कागदावरच. बेड नंबर, नाव, निदान एका ओळीत आणि पुढे चौकोन. राउंडला सर जे बोलतील ते त्याच क्षणी लिहायचं. राउंड संपला की आधी जी कामं दुसऱ्यांच्या वेळेवर अवलंबून आहेत ती, म्हणजे सीटी, टूडी एको, रेफरन्स, ब्लड बँक, कारण ती खिडकी बंद झाली की उद्यावर जातं. डिस्चार्ज कार्ड बसून नंतर लिहिता येतं. फुले योजनेचं म्हणशील तर अॅडमिशनच्या वेळीच नातेवाइकाला रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राकडे (योजनेचा हॉस्पिटलमधला माणूस) पाठवून दे, तिसऱ्या दिवशी आठवण झाली की सगळेच धावपळीत सापडतात.

सिस्टर_एकोणीस_वर्षं

मी डॉक्टर नाही, गव्हर्नमेंटमध्ये स्टाफ नर्स आहे, १९ वर्षं झाली, त्यातली ११ मेडिसिनच्या वॉर्डात. वॉर्डात असते तर तुला मॅडमच म्हटलं असतं पण माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे म्हणून इथे अगं म्हणते.

अगं, दर वर्षी नवीन जेआर येतात, दर वर्षी पहिले दोन महिने कुणी ना कुणी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडतं, आम्ही बघतो आणि चहा पाठवतो. त्यातलेच तिसऱ्या वर्षी असे तयार होतात की आमच्या घरच्यांना आम्ही त्यांच्याकडे घेऊन येतो. हे डोळ्याने बघितलंय म्हणून सांगते.

आता कामाचं. रक्त काढून घाईत बल्ब (रक्ताच्या नळ्या) भरतात, एकातलं दुसऱ्यात ओततात, हे करू नको. जांभळ्या ईडीटीए बल्बमधलं रक्त साध्या लाल बल्बमध्ये गेलं तर पोटॅशियम खोटं वाढून येतं आणि कॅल्शियम खोटं कमी येतं, आणि मग रात्री सगळे घाबरतात. निळा आधी भर आणि खुणेपर्यंतच भर, नाहीतर पीटी आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) चुकतो, मग लाल, मग जांभळा, मग शुगरचा करडा. बारीक सुईने जोर लावून ओढलं तर रक्त फुटतं, तेव्हाही पोटॅशियम वाढलेलं येतं. नाव पेशंटच्या शेजारी उभं राहूनच लिही, टेबलावर येऊन नाही. रक्त चढवायच्या आधीच्या क्रॉसमॅचच्या बाबतीत तर हे देवासारखं पाळ. एकाच वॉर्डात एकाच नावाच्या दोन बायका असतात, मी दोनदा वेळेवर पकडलंय.

ऑर्डर बदललीस की तोंडी सांगून जाऊ नको, लिही, वेळ टाक, आणि आम्हाला दाखव. तू लिहून गेलीस आणि फाईल राउंडच्या ट्रॉलीवर राहिली तर औषध बदललंच नाही असं समज.

आणि त्या रात्री ज्या सिस्टरने सांगितलं ना सरांना बोलवा, तिला जाऊन थँक्यू म्हण. पुढच्या वेळी चाळीस मिनिटं थांबायची वेळच येणार नाही कारण तू तिलाच पहिल्यांदा विचारशील, सिस्टर तुम्हाला काय वाटतंय. आम्ही रात्रभर पेशंटच्या जवळ असतो, कोण बिघडतोय ते नुसतं बघूनच कळतं कधी कधी. वॉर्डातल्या मामा (वॉर्डबॉय) आणि मावशींची नावं पाठ कर. "ए मामा" आणि "रमेश मामा जरा ट्रॉली घेता का" यात रात्री तीन वाजता खूप फरक पडतो.

पेडी_जेआर२

ताई वर सिस्टरनी लिहिलंय त्यातलं प्रत्येक अक्षर खरं आहे. मी फक्त तुझ्या शरीराबद्दल आणि झोपेबद्दल बोलणार आहे कारण ते कुणी बोलत नाही.

मी पहिल्या चार महिन्यांत सात किलो कमी झाले, जेवणच नाही, मेस दोनला बंद आणि माझा राउंड अडीचला संपायचा. शेवटी आम्ही तिघी को-जेआरनी ठरवलं की जी मोकळी असेल तिने बाकीच्या दोघींचे डबे भरून ठेवायचे. एप्रनच्या खिशात चिक्की किंवा खजूर, पाण्याची बाटली सिस्टरच्या टेबलाखाली नाव लिहून. लघवी दाबून ठेवायची सवय लावू नको, मला त्यातून इन्फेक्शन झालं आणि तापातच ड्युटी केली. पाळीच्या दिवसांचं सामान ड्युटी रूममध्ये कायमचं ठेव. पोस्ट-इमर्जन्सीला (इमर्जन्सी ड्युटी संपल्यावर) गाडी चालवू नको, रिक्षा कर, एवढं माझं ऐकच.

झोप न लागणं, मॉनिटरचा आवाज कानात येणं हे मलाही झालं होतं. एक बाळ गेलं होतं आमच्याकडे. मी पंधरा दिवस कुणाशी बोलले नाही आणि मग एका रात्री सहन होईना म्हणून १४४१६ ला फोन लावला, टेली मानस, सरकारची सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलतात. समोरच्या बाईंनी काही फार मोठं सांगितलं नाही, पण मी पहिल्यांदा ती गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणालातरी सांगितली. नंतर आमच्याच कॉलेजच्या सायकियाट्रीच्या मॅडमकडे गेले, त्यांनी ओपीडी पेपर न काढता वेळ दिला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप नाही, किंवा जगणंच नको असे विचार आले, तर थांबू नकोस, लगेच जा. आणि आईला खरं सांग गं. मी सांगितलं तेव्हा आई रडली, मग आठवडाभर लाडू करून बाबांना एसटीने पाठवलं, आणि माझं निम्मं ओझं कमी झालं.

अजून एक. काम जास्त असणं आणि अपमान होणं या दोन गोष्टी एकत्र करू नको. काम जास्तच आहे, पेशंट जास्त आहेत आणि हात कमी आहेत. पण नातेवाइकांसमोर ओरडणं, मुद्दाम सलग ड्युट्या लावणं, जेवायला न सोडणं, घरचं नाव काढून बोलणं हा शिक्षणाचा भाग नाही, ते रॅगिंगमध्ये येऊ शकतं. तारीख वेळ घालून लिहून ठेव. १८००-१८०-५५२२ ही अँटी रॅगिंगची हेल्पलाइन आहे. आधी युनिटमधल्या ज्या सिनियरवर किंवा मॅडमवर विश्वास आहे त्यांच्याशी बोल, मग मार्डचे (निवासी डॉक्टरांची संघटना) तुमच्या कॉलेजचे प्रतिनिधी. नियम पण माहीत असू देत. १९९२ च्या रेसिडेन्सी स्कीमच्या केंद्राच्या आदेशात दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त सलग ड्युटी नको असं लिहिलेलं आहे, एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशन) २०२३ च्या पीजी नियमात वर्षाला २० कॅज्युअल लीव्ह आणि कामाच्या गरजेनुसार आठवड्याला एक सुट्टी आहे, आणि २०२४ च्या एनएमसी टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको अशी शिफारस केलीय. यातलं किती पाळलं जातं हे आपण सगळे जाणतो, पण सुट्टी मागणं म्हणजे भीक मागणं नाही हे तुला माहीत असलं पाहिजे.

जुना_फिजिशियन

मी २००४ साली एमडी झालो, तालुक्याला प्रॅक्टिस करतो. मुलांनो तुमच्या तक्रारी वाचल्या, त्या खऱ्या आहेत. पण एक सांगावंसं वाटतं, तासांचा हिशोब फार डोक्यात घेऊ नका. मी आज एकटा सर्पदंशाचा पेशंट सांभाळू शकतो, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवून गुठळी झाली का बघतो, १० व्हायल एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) लावतो, रिअॅक्शन आली तर हात थरथरत नाही, हे सगळं त्या तीन वर्षांच्या रात्रींनी दिलं. ते दिवस परत मिळत नाहीत.

फोनच्या बाबतीत मात्र मी त्या मुलीच्या बाजूने आहे. आमचे सर म्हणायचे, मला उठवलंत म्हणून मी चिडलो तर चिडू द्या, पण सकाळी कळलं की उठवलं नाहीत, तर माफ करणार नाही. त्यांना आम्ही रात्री दोन दोन वेळा उठवायचो.

पेडी_जेआर२

सर, तुमचा अनुभव मोठा आहे आणि रात्री शिकवतात हे मान्य. पण तुम्ही ज्या सरांबद्दल लिहिलंत तसे सर असतील तर रात्र शिकवते. हिला त्या रात्री शिकवायला कुणी नव्हतं, ती एकटी उभी होती. आणि सलग ३० तास जागं राहिल्यावर मी स्वतः लहान बाळाच्या डोसचं दशांश चिन्ह चुकवताना इंटर्नने थांबवलंय मला. त्यात माझी तयारी झाली नाही, बाळाचं नशीब चांगलं होतं.

जुना_फिजिशियन

दशांश चिन्हाचं पटलं. आमच्याही काळात झालं असेल, आम्हाला थांबवणारं कुणी नसेल. मुलीला एवढंच म्हणतो, सीट सोडू नकोस, निदान सहा महिने दे.

मेडिसिन_नवी

सगळ्यांना काय बोलू कळत नाहीये. काल सकाळी सिस्टरना जाऊन थँक्यू म्हटलं, त्या म्हणाल्या अहो मॅडम त्यात काय, आणि दुपारी मला हाक मारून व्हेन न मिळणाऱ्या एका आजींचा हात धरून दाखवला, गरम पाण्याची पट्टी ठेवून मग बघा म्हणाल्या. मिळाली व्हेन. आईलाही सांगितलं. ती पुढच्या आठवड्यात येतेय.

डायरी आणली. अजून एक विचारायचं होतं, थिसिसचा विषय द्या म्हणून मागे लागलेत आणि तो बीसीबीआर कोर्स (वैद्यकीय संशोधनाचा बेसिक कोर्स), हे आत्ताच करायचं का? मला एक कागद वाचायला वेळ नाही.

तिसऱ्या_वर्षाचा_मेडिसिन

बीसीबीआर पहिल्या वर्षातच उरकून टाक. चेन्नईच्या एनआयईचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी) कोर्स आहे, एनपीटीईएलवर ऑनलाइन लेक्चर्स, असाइनमेंट आणि शेवटी सेंटरवर जाऊन परीक्षा. वर्षातून दोनदा रजिस्ट्रेशन निघतं, ते चुकवू नको, नंतर परीक्षेचा फॉर्म भरताना अडकतं. असाइनमेंटच्या तारखा को-जेआरच्या ग्रुपवर पिन करून ठेवा, एकजण विसरला तरी दुसरा आठवण करतो.

थिसिससाठी भारी नाव शोधू नको. तुझ्या वॉर्डात जे पेशंट आपोआप येतात आणि ज्यांच्या तपासण्या तुमच्याच लॅबमध्ये फुकट होतात त्यातलाच विषय घे, बाहेरच्या महागड्या टेस्टवर अवलंबून असलेला घेतलास तर दुसऱ्या वर्षी रडशील. महाडच्या डॉ. बावस्करांचं उदाहरण बघ, विंचू चावलेले पेशंट समोर येत होते, तेच नीट लिहून ठेवत गेले, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला आणि ते काम लॅन्सेटपर्यंत गेलं. तुला आजोबांमुळे सीओपीडीत रस वाटत असेल तर गाइडना तेच विचार, थंडीत पेशंटची कमी नसते. एथिक्स कमिटीची तारीख आधी विचारून घे, विषय ठरूनही त्या मीटिंगसाठी महिना महिना थांबावं लागतं. आणि डीआरपीचे (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम) तीन महिने जिल्हा रुग्णालयात जातात, तेव्हा पेशंट गोळा करता येत नाहीत, ते हिशोबात धर.

मेडिसिन_नवी

परवाची इमर्जन्सी झाली. रात्री सव्वातीनला एक काका, ताप आणि बीपी ८० वर घसरलेलं, मी फोन लावला, पहिलंच वाक्य म्हटलं, सर बेड ६ ला यायला लागेल. आवाज थरथरत होता. सर म्हणाले, फ्लुइड किती गेलंय, कल्चर पाठवलं का, येतोय. बारा मिनिटांत आले. ओरडले नाहीत, काही कौतुकही केलं नाही, नॉरअॅड (बीपी वाढवणारं औषध) लावून दाखवलं आणि परत झोपायला गेले. काका आयसीयूत आहेत, सकाळी बीपी ११० होतं.

सीओपीडीचे आजोबा आज घरी गेले. जाताना त्यांच्या नातवाकडून इन्हेलर दोनदा करून घेतला, पहिल्यांदा तो हलवायलाच विसरला होता.

आज पोस्ट-इमर्जन्सी आहे, रिक्षाने आलेय. फोन सायलेंटवर टाकून झोपते, उत्तरं उद्या वाचेन.